परगांवचें घर आणि भाड्याचें उत्पन्न

मुंबईंत उभा जन्म नोकरी केल्यावर निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली पुंजी कोठें गुंतवावी, हा प्रश्न मध्यमवर्गीय गृहस्थाला पडतोच. मुंबईंत दुसरें घर घेणें त्याच्या आवांक्याबाहेरचें असतें. मग सुमारें १७० किलोमीटरांवरील नाशिककडे त्याची दृष्टि वळते. तेथें हवा बरी, किंमत मुंबईच्या मानानें कमी आणि भाडेकरूंचीही वाण नाहीं. हें सर्व खरें. तथापि स्वतःच्या गांवांतील भाड्याचें घर आणि परगांवचें भाड्याचें घर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नाशिकचा भाडेकरू कोण, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सातपूर व अंबड येथील कारखान्यांतील कामगार, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांतील नोकर, महाविद्यालयांतील विद्यार्थी, अशी ही मंडळी असतात. त्यांना कामाजवळचें, बसच्या वाटेवरचें आणि पाण्याची सोय असलेलें घर हवें असतें. गांवाबाहेर माळावर उभी राहिलेली सुबक इमारत मालकाच्या डोळ्यांत भरते, पण भाडेकरूला ती दूर पडते. सिंहस्थाच्या गर्दीवर हिशेब बांधणेंही धोक्याचें. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ चा. भाडें मात्र दरमहा यावें लागतें.

नाशिककर गोदावरीचा पूर रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीवर मोजतो. सप्टेंबर २००८ व ऑगस्ट २०१९ च्या पुरांत कोणत्या वस्तींत पाणी शिरलें, हें तेथील रहिवाशाला ठाऊक असतें. उन्हाळ्यांत एका दिवसांत घर पाहून परतणाऱ्याला तें कळत नाहीं. म्हणून घर एकदां पावसाळ्यांत पाहावें, पूररेषेची चौकशी महानगरपालिकेंत करावी आणि इमारत नवी असल्यास महारेराकडील तिची नोंद तपासावी.

यानंतर हिशेब. समजुतीसाठीं आंकडे धरूं. घराची किंमत ४० लाख रुपये व भाडें दरमहा १२ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. घर एक महिना रिकामें राहिलें, तर हातीं १ लाख ३२ हजार येतात. त्यांतून गृहसंस्थेची वर्गणी १८ हजार, घरपट्टी ६ हजार, दुरुस्ती १० हजार, दलाली ६ हजार आणि प्रवास ४ हजार वजा जातां उरतात ८८ हजार. म्हणजे उत्पन्न शेंकडा २.२ इतकेंच. मुद्रांक व नोंदणीचा खर्च आणि प्राप्तिकर वेगळाच. किंमत पुढें वाढेलही. पण त्या वाढीवर दरमहाचा घरखर्च चालत नाहीं. भाड्यानें दिलेल्या घरावर गृहसंस्था बिनभोगवटा शुल्क घेते. तें सेवाशुल्काच्या शेंकडा १० हून अधिक नसावें, असा १ ऑगस्ट २००१ चा शासनादेश आहे.

दूरच्या मालकाला खरा आधार कागदाचा. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणें करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. उलट, राहण्यासाठीं केलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही घर सोडलें नाहीं, तर कलम २४ प्रमाणें मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागतां येते व दुप्पट दरानें भरपाई मिळूं शकते. ही नोंदणी आतां घरबसल्याही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यांत देण्यासही चुकूं नये.

इतकें करूनही नळ गळतो आणि शेजाऱ्याच्या छताला ओल येते. त्या वेळीं तेथें जाणारें माणूस गांवांतच हवें. नातलगाच्या भिडेवर हें काम लांबत जातें. म्हणून ज्याच्यावर विश्वास आहे, त्याला मोबदला ठरवून द्यावा आणि तो हिशेबांत आरंभींच धरावा. हा मोबदला वजा करूनही जें उरेल, तेंच परगांवच्या घराचें खरें उत्पन्न. तें पुरेसें वाटत असेल, तरच म्हातारपणची पुंजी त्यांत घालावी.