एका दिवसाची विक्री म्हणजे पेढीचा ताळेबंद नव्हे

फेब्रुवारी उजाडला की बारावीची आणि पाठोपाठ दहावीची बोर्डाची परीक्षा येते. रात्री दुकान वाढवून घरी परतलेले वडील उंबऱ्यातूनच विचारतात, ‘‘आज किती धडे झाले?’’ प्रश्नामागे काळजीच असते. परंतु मुलाला तो थकबाकीच्या तगाद्यासारखा ऐकू येतो.

परीक्षेची थोडी धाकधूक उपकारकच असते. ती मुलाला पुस्तकापाशी बसवते. मात्र झोप उडणे, जेवण टाळणे, वारंवार पोट किंवा डोके दुखणे, मित्रांशी बोलणे सोडणे ही लक्षणे दिसू लागली, तर तो आळस नव्हे, मनावरचा ताण समजावा. अशा वेळी आणखी एक शिकवणी लावण्यापूर्वी मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घ्यावे.

उपयोगी पडणारी शिस्त घरच्या धर्माचरणातच आहे. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. तेवढाच वेळ मोबाइल दूर ठेवून एकाच विषयाला द्यावा आणि मग थोडे फिरून यावे. चौविहार पाळणाऱ्या मुलाने अन्नपाण्यावाचून मध्यरात्रीपर्यंत जागण्यापेक्षा लवकर झोपून पहाटे उठणे हितावह. पेपर हाती येण्यापूर्वी कायोत्सर्गातल्याप्रमाणे शरीर सैल सोडून काही क्षण श्वासाकडे लक्ष दिले, तरी धडधड कमी होते.

निकालाचेही तसेच. चुलतभावाच्या टक्क्यांशी तुलना करून कोणाचेच गुण वाढत नाहीत. अनेकान्त मानणाऱ्या घराने गुणपत्रिका ही मुलाची एकच बाजू आहे, हे विसरू नये. दहावीत अपयश आले तर पुरवणी परीक्षा असते, सी.ए. फाउंडेशनही पुन्हा देता येते. एका दिवसाच्या विक्रीवरून कोणी पेढी बंद करीत नाही.

मूल ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलले, तर मात्र ते कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. लोक काय म्हणतील, पुढे सोयरिकीत अडचण येईल, या भीतीने विषय झाकून न ठेवता त्वरित डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक नि:शुल्क असून दिवसरात्र उपलब्ध असतो.

निकाल काहीही लागो, घरातील आपले स्थान अढळ आहे, हे मुलाला परीक्षेआधीच स्पष्ट शब्दांत सांगावे. तेवढ्या आश्वासनाने त्याचे निम्मे ओझे उतरते.