उलट्या भिंगातून कोळी

दुपारी कुंपणाच्या पानांवर किंवा अंगणाच्या भिंतीवर नीट पाहा. जाळे न विणता मांजरासारखी झेप घेऊन माशी पकडणारा छोटा कोळी तेथे हमखास भेटेल. त्याला आठ डोळे असतात. पण ते आपल्याला नुसत्या नजरेने थोडेच मोजता येतात? फोटो काढावा, तर कॅमेऱ्याचे ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग अर्ध्या मीटरच्या फारसे आत चालत नाही. कोळी ठिपक्याएवढाच उमटतो.

मग तेच भिंग उलटे बसवा! त्यासाठी स्वस्तात एक कडी मिळते. भिंगाचे पुढचे तोंड दूरच्या वस्तूसाठी आणि मागचे तोंड जवळच्या फिल्मसाठी घडवलेले असते. प्रकाशाची वाट उलट दिशेनेही तीच असते. म्हणून मागचे तोंड कोळ्याकडे केले, की तो काही सेंटिमीटरवर असूनही स्पष्ट दिसतो आणि फिल्मवर किंवा डिजिटल संवेदकावर जवळजवळ खऱ्या आकाराचा उमटतो.

खरी अडचण पुढेच आहे. भिंगाचे छिद्र एफ/११ इतके लहान केले, तरी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा भागच रेखीव येतो. माझ्या पहिल्या ३६ फोटोंत पाय स्वच्छ अन् डोळे धूसर! तेव्हा भिंग फिरवत बसू नका. कोपर भिंतीला टेकवून सबंध कॅमेराच केसभर पुढेमागे करा. ऊन पाठीशी नको, नाहीतर तुमची सावली पडून कोळी पळेल.

एवढ्यात तोच वळून तुमच्याकडे पाहू लागेल. लागोपाठच्या दोन फोटोंत त्याचे मधले मोठे डोळे एकदा काळे, एकदा तपकिरी दिसले, तर चकित होऊ नका. त्याच्या डोळ्याचे भिंग जागचे हलत नाही. आतले दृष्टिपटल मात्र इकडून तिकडे सरकत असते.