घाटाखालचे सर्व्हर आणि विजेचा जमाखर्च

बुलडाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या मुलखाचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग सहज पाडतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलडाण्याची हवा आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगावचा वैशाखातील उन्हाळा यांत जे अंतर आहे, ते केवळ माणसांनाच नव्हे, तर पतसंस्थांच्या, महाविद्यालयांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या बंद खोल्यांतून अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांनाही भोगावे लागते. १९८६ साली स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनसारख्या पतसंस्थेच्या खात्यांपासून गावच्या सातबाऱ्यापर्यंत सारे दप्तर आज संगणकावर आले असताना, या यंत्रांनी किती तत्परतेने राबावे आणि त्यासाठी वीज किती घ्यावी, हा प्रश्न जितक्या गांभीर्याने विचारला जावयास हवा, तितका तो विचारला जात नाही.

पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र सर्व्हर लागे. आता जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत तसे एकाच दणकट सर्व्हरवर, म्हणजे ‘होस्ट’वर, अनेक आभासी संगणक नांदतात. आयबीएमने १९७२ सालीच आपल्या मोठ्या संगणकांकरिता अशी व्यवस्था जाहीर केली होती. विजेच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार आहे. कारण गूगलच्या लुईझ बारोसो व उर्स होल्झले यांनी २००७ साली दाखवून दिल्याप्रमाणे सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या १० ते ५० टक्क्यांतच राबत असतो, आणि अगदी रिकामा बसला तरी पूर्ण कामाच्या जवळजवळ निम्मी वीज घेतच राहतो. तेव्हा अर्धवट राबणाऱ्या अनेक यंत्रांचा भार थोड्या यंत्रांवर आणणे, हीच काटकसरीची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी प्रोसेसरच्या आत आहे, आणि तेथे कारभार नाजूक होतो. काम करताना प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या गतीच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यास्तव दोन्ही एक-दशांशाने उतरवल्यास गती १० टक्क्यांनी घटते, परंतु हा खर्च सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. काम नसलेल्या ‘कोअर’ना, म्हणजे प्रोसेसरच्या आतील स्वतंत्र गणनघटकांना, निजवताही येते, मात्र निद्रा जितकी गाढ, तितका जागे होण्यास विलंब अधिक. सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाएवढा तो विलंब ठेवीची पावती छापणाऱ्या कारकुनाला कधीच जाणवत नाही; पण एकामागून एक सहस्रावधी लहान चौकश्या करणाऱ्या डेटाबेसच्या कामात तो साचत जातो. याच भयाने पुष्कळजण वीज न वाचवता पूर्ण गती मागणारे ‘हाय परफॉर्मन्स’ हे धोरण लावून निश्चिंत होतात. मला ही निश्चिंती अनाठायी वाटते, कारण शेजारचे कोअर गाढ निजले म्हणजे त्यांच्या वाट्याची उष्णता वाचते, आणि तेवढ्या सवलतीत कामात गुंतलेला कोअर ‘टर्बो’च्या बळावर अधिक वेग घेऊ शकतो; उलट सर्वांनाच जागे ठेवले, तर कधीकधी वेगही कमी मिळतो.

होस्टवर आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या प्रणालीत मुळात ‘बॅलन्स्ड’, म्हणजे गती आणि वीज यांचा समतोल राखणारे, हेच धोरण असते. परंतु बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीत, विजेची मुखत्यारी सर्व्हरने स्वतःकडे राखली असेल, तर वरून दिलेला हुकूम खाली पोहोचतच नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करताना बायोसच्या पडद्यावरील ही एक नोंद पाहून ती ‘ओएस कंट्रोल’वर आणावी, एवढे साधे काम वर्षानुवर्षे राहून जाते.

सतत १०० वॅट वाचले, तर वर्षाकाठी ८७६ युनिट वाचतात. घाटाखाली ही बचत आणखी वाढते. कारण जेवढी वीज यंत्र खाते तेवढी उष्णता ओकते, आणि ती बाहेर काढण्यास एसीलाही वीज लागते. भारनियमनाच्या काळात तर कमी वॅटवर चालणारा सर्व्हर यूपीएसच्या त्याच बॅटरीवर अधिक वेळ तग धरतो. शेगावहून अकोल्याकडे जाताना लोहमार्गावर पारसचे औष्णिक वीजकेंद्र लागते. तेथील २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावरच चालतात, हेही विसरून चालत नाही.

माझे मत असे, की रोजच्या कामास ‘बॅलन्स्ड’ पुरेसे आहे. मार्चअखेरीस व्याजाच्या आकारणीचा तगादा लागला म्हणजे तेवढ्या दिवसांपुरती पूर्ण गतीची तजवीज करावी. रात्री सारे आभासी संगणक एका होस्टवर हलवून दुसरा निजवण्याची सोयही उपलब्ध आहे. परंतु तो पहाटे आपोआप उठतो की नाही, याची परीक्षा सुटीच्या दिवशी घेतल्यावाचून ती अमलात आणू नये, आणि धोरण बदलण्यापूर्वी व नंतर वॅट आणि प्रतिसादाचा वेळ या दोहोंची नोंद एकाच वहीत ठेवावी.