एरिया भारी झाला, पण तुमचं दुकान टिकेल का?



मागच्या व्हिडिओत मी लालबागच्या गल्लीत उभी राहून एक प्रश्न विचारला होता: एरिया सुधारला की फायदा कोणाला? बहुतेकांचं उत्तर आलं, "दुकानदाराला! पैसेवाले कस्टमर येणार ना." बीबीए झाल्या झाल्या मीही हेच म्हणायचे. याच समजुतीत माझं पहिलं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान गेलं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आज हिशेबासकट सांगते.

आधी माझा हिशेब

महिन्याची विक्री २ लाख, मार्जिन २० टक्के, म्हणजे ४० हजार. त्यातून भाडं १२ हजार, मुलाचा पगार १० हजार, लाइटबिल वगैरे ४ हजार. हातात १४ हजार.

मग समोर टॉवर झाला, कोपऱ्यावर कॅफे आला. माझी विक्री वाढून २ लाख ८० हजारांवर गेली. मी खूश! तेवढ्यात अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं आणि मालककाका म्हणाले, "अगं, बाजूचा माणूस तीस द्यायला तयार आहे. बघ तुला जमतंय का."

आता मांडा. मार्जिन ५६ हजार. वजा ३०, वजा १०, वजा ४. हातात १२ हजार. विक्री ४० टक्क्यांनी वाढली आणि कमाई २ हजारांनी घटली! वर्षभर ओढलं आणि शटर खाली केलं. काकांवर माझा राग नाही. जागा त्यांची, भाव बाजाराचा. चूक माझी, कारण हा हिशेब मी आधी मांडलाच नव्हता.

याला नाव आहे: जेंट्रिफिकेशन

१९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना हा शब्द आणला. साध्या माणसांच्या वस्तीत पैसेवाले येतात, घरं-दुकानं चकाचक होतात, भाव चढतात आणि जुन्या माणसांना तिथं राहणं परवडत नाही.

असं का होतं? लोकांना अचानक कॅफे आवडायला लागतात म्हणून नाही. १९७९ मध्ये नील स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकाने सोपं कारण मांडलं: जागा आज किती कमावते आणि किती कमावू शकते, यातली तफावत. ही तफावत मोठी झाली की पैसा तिकडे धावतो.

गिरणगावात काय झालं?

लालबाग, परळ, लोअर परळ हा सगळा गिरण्यांचा पट्टा. बऱ्याच मालकांनी नव्या मशिनरीत पैसा घातला नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. पण जमीन कुठली? मुंबईच्या मधोमध!

१९९१ च्या नियमावलीने ती जमीन विकसित करायची वाट उघडली. अट अशी की एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. साहजिकच मालकांच्या हातात जास्त जमीन राहिली. २००५ मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदललेला नियम कायम ठेवला. मग मॉल, ऑफिसं, टॉवर. जाहिरातीत तर लोअर परळचं 'अप्पर वरळी' झालं!

म्हणजे बघा, एरिया आपोआप 'सुधारत' नाही. आधी पैसा काढून घेतला जातो, मग नियम बदलतो, मग मोठा पैसा येतो. छोट्या दुकानदाराला हे सगळ्यात शेवटी कळतं, तेही भाडं वाढल्यावर.

मग टिकलं कोण?

गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांचं बघा. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पण गिऱ्हाईक एकच, गिरणी कामगार. भोंगा थांबला की त्याचा पगार थांबणार आणि हिचा डबाही. संस्थेने पुढे केटरिंगची वाट धरली ती महत्त्वाची.

दुसरीकडे लालबागची चिवडा गल्ली. दिवाळीत लोक लांबून येतात. उन्हाळ्यात मिरच्या घेऊन डंकावर मसाला कुटायला बायका येतात त्या फक्त लालबागच्या नसतात. गल्ली बदलली तरी हे गिऱ्हाईक तुटत नाही.

तुम्ही आज काय कराल?

१. ॲग्रीमेंट बघा. अकरा महिन्यांऐवजी तीन किंवा पाच वर्षांचं मागा. दरवर्षी किती टक्के वाढ, हे आत्ताच लिहून घ्या. लॉक-इन फक्त तुमच्यावर नको, मालकावरही हवा. आणि रजिस्टर कराच.

२. माझ्यासारखा हिशेब मांडा. भाडं दुप्पट झालं तर किती विक्री लागेल, तो आकडा गल्ल्यावर चिकटवा.

३. गिऱ्हाइकाचा नंबर घ्या, व्हॉट्सॲप लिस्ट करा. दुकान दोन गल्ल्या सरकलं तरी माणसं सोबत आली पाहिजेत.

४. चार महिन्यांच्या खर्चाइतका शिफ्टिंग फंड बाजूला ठेवा. विक्री वाढतेय तेव्हाच ठेवा, नंतर जमत नाही.

माझं आताचं दुकान आतल्या गल्लीत आहे. पाच वर्षांचं ॲग्रीमेंट, वाढ ठरलेली. बोर्ड छोटा आहे, पण निम्म्याहून जास्त ऑर्डर फोनवर येतात.

तुमच्या गल्लीत पहिला कॅफे उघडला की नक्की कॉफी प्यायला जा. फक्त घरी आल्यावर आधी कपाटातलं ॲग्रीमेंट काढा आणि शेवटची तारीख बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!