पैठणच्या राजाची स्वस्तातली जादू

स्मशान, काळोख, झाडाला लोंबकळणारं प्रेत आणि नंगी तलवार घेतलेला एकटा राजा. 1985 साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायची, तेव्हा बारामती-इंदापूरकडच्या वस्त्यांवर टीव्ही असलेल्या घरी सगळी आळी जमायची. एकाने पत्र्यावर चढून अँटेना फिरवायची, बाकीच्यांनी खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून पांढऱ्या केसांचा बेताल खदाखदा हसत बाहेर यायचा.

रामानंद सागर यांच्या या मालिकेकडे पैसा बेताचाच. मग माणूस गायब कसा करायचा? कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा, मध्येच थांबवायचा, नटाला बाजूला काढायचं आणि पुन्हा सुरू करायचा. तुकडे जोडले की नट हवेत विरलाच म्हणून समजा! खरी परीक्षा मागे उरलेल्या नटाची. तेवढा वेळ त्याने दगडासारखं उभं राहायचं. तलवारीचं टोक बोटभर हललं तरी पडद्यावर ते टुणकन उडतं आणि चोरी पकडली जाते. असले कॅमेऱ्याचे खेळ आपल्याकडे रुजवले ते त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडीथोडी टिपून अख्खं रोपटं बघता बघता उगवून दाखवलं होतं.

पण मला थक्क करते ती या मालिकेची रचना. तीच वाट, तेच झाड, तीच दोन माणसं. मधली गोष्ट तेवढी दर खेपेला नवी. निर्मात्याला आणखी काय हवं? नटही तेच फिरवून वापरलेले. अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताल. मधल्या गोष्टींत दीपिका, सुनील लहरी, अरविंद त्रिवेदी. 1987 मध्ये 'रामायण' आलं तेव्हा गोविल राम झाले आणि हे तिघे सीता, लक्ष्मण, रावण.

ही काटकसरीची रचना सागरांनी शोधलेली नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात ती तयार आहे. आणि त्यातला राजा कुठला? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! नाव त्रिविक्रमसेन. सोमदेवाने ज्या 'बृहत्कथे'चा आधार घेतला, तिचा कर्ता गुणाढ्य हाही परंपरेने सातवाहन राजाच्या दरबारातला. इंदापूरहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचा राजा काश्मीरला जाऊन, मुंबईमार्गे पुन्हा आपल्या घरात आला. मधल्या काळात तो 'चांदोबा' मासिकातही दर महिन्याला प्रेत खांद्यावर टाकून चालतच होता. चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते चित्र पाहून किती पोरांनी रात्री परसात जायला नकार दिला असेल!

मूळ कथेत राजा एका भिक्षूच्या सांगण्यावरून झाडावरचं प्रेत आणायला निघतो, आणि त्या प्रेतात शिरलेल्या वेताळाची अट भारी आहे. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. राजा दरवेळी बोलतो आणि दरवेळी मागे फिरतो. अडतो तो शेवटच्या कोड्यापाशी. एका राजाला आणि त्याच्या मुलाला दोन बायकांच्या पाऊलखुणा दिसतात. ठरतं असं, की मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. बायका भेटतात त्या मायलेकी, आणि मोठी पावलं निघतात लेकीची! शब्द दिलेला, म्हणून बापाचं लग्न लेकीशी, मुलाचं आईशी. आता त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? त्रिविक्रमसेन गप्प. ठाऊकच नाही, त्यामुळे डोकंही शाबूत. खूश झालेला वेताळ मग त्याला त्या भिक्षूचा कपटी डाव सांगतो: नमस्काराला वाकलेल्या राजाचा बळी द्यायचा. भिक्षू म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मला येत नाही, आधी तुम्ही दाखवा. तो आडवा होतो आणि तलवार चालते.

पंचवीस गोष्टींचं हे ओझं तोललंय ते प्रश्नांनी, त्यामुळे जंगल पुठ्ठ्याचं असलं तरी बिघडत नाही. आजच्या संगणकी राक्षसांच्या मालिकांपेक्षा ही गरीब मालिका मला सरस वाटते, ती एवढ्याचसाठी. पैठणला जाल तेव्हा संत एकनाथांचा वाडा बघा, पैठणी घ्या आणि बरोबरच्या पोरांना सांगा, की विक्रम-वेताळातला तो राजा इथलाच.