मुलांची गाठ, मोठ्यांच्या पोटात

लहान मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात एका बाजूला काहीतरी घट्ट लागते. मूल हसते-खेळते असते, दुखत काहीच नसते. मूत्रपिंडातल्या ‘विल्म्स ट्यूमर’ची पहिली चाहूल अनेक घरांत अशी लागते. मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून त्याचे नाव तिला चिकटले.

ही गाठ प्रामुख्याने पाच वर्षांच्या आतल्या मुलांची. मूत्रपिंडाची घडण गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरी होते. काही बाळांत मात्र घडणीतल्या कच्च्या पेशींचे पुंजके मागे उरतात. बहुतेक पुंजके पुढे विरून जातात. एखादा वाढतच सुटतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीत अर्धवट घडलेले मूत्रपिंड दिसते.

मोठ्यांचा नेहमीचा मूत्रपिंडाचा कर्करोग निराळा. तो पूर्ण घडलेल्या सूक्ष्म नलिकांच्या अस्तरातून, बहुधा पन्नाशी-साठीनंतर उद्भवतो आणि नेहमीच्या केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. विल्म्सची गाठ मात्र डॅक्टिनोमायसिन आणि व्हिंक्रिस्टिन या जुन्याच औषधांना चांगली दाद देते. अमेरिकेत १९६९पासून आणि युरोपात १९७१पासून अनेक रुग्णालयांनी ठरलेल्या आराखड्यानुसार उपचार केले, नोंदी ठेवल्या, आराखडा सुधारत नेला. आज श्रीमंत देशांत दहातली जवळजवळ नऊ मुले बरी होतात.

क्वचित हीच गाठ पंचविशी-तिशीतल्या माणसाला होते. प्रमाण दहा लाखांत वर्षाला एकाहूनही कमी. त्याची कंबर दुखते, लघवीतून रक्त जाते. स्कॅनवरून गाठीची जात ठरत नाही, म्हणून ती नेहमीचीच समजून मूत्रपिंड काढले जाते आणि खरे नाव कळते ते पॅथॉलॉजीच्या अहवालातून. इथे घोळ सुरू होतो. मोठ्यांच्या कर्करोगतज्ज्ञाने असा रुग्ण आयुष्यात पाहिलेला नसतो आणि ज्याने शेकडो पाहिले, तो बालविभागात बसतो. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी ती केमोथेरपी लांबते.

याची किंमत आकड्यांत दिसते. १९८२च्या अमेरिकी अहवालात तीन वर्षांनंतर मुलांपैकी ७४ टक्के हयात होती, प्रौढांपैकी २४ टक्के. गाठच मोठेपणी अधिक क्रूर होते, असा समज त्यातून पसरला. २००४ साली जर्मनीतून ३० प्रौढांचा अहवाल आला. त्यांच्यावर मुलांच्याच आराखड्याने उपचार झाले होते आणि जगण्याचे प्रमाण ८३ टक्क्यांवर गेले होते. मधल्या वीस वर्षांत वैद्यक पुढे गेले, रुग्णसंख्याही लहान, हे लक्षात घेऊनही हा फरक सगळा गाठीच्या स्वभावाचा म्हणता येत नाही.

तरी प्रौढ म्हणजे मोठ्या मापाचे मूल नव्हे. निदान होईपर्यंत त्याची गाठ अनेकदा पसरलेली असते. व्हिंक्रिस्टिनने त्याच्या हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा हे त्रास मुलांपेक्षा अधिक होतात. मात्रा जपून ठरवावी लागते. त्यासाठी दोन्ही विभागांचे डॉक्टर एका टेबलाशी बसायला हवेत. अहवालावर ‘विल्म्स’ हे नाव दिसताच रुग्णाच्या घरच्यांनी एवढे जरूर विचारावे : बालकर्करोगतज्ज्ञांशी बोलणे झाले का, आणि केमोथेरपी कोणत्या तारखेला सुरू होणार?