पेठेतल्या गच्चीवरून दीर्घिकांची हजेरी!

फुटबॉलची मॅच असली की मंगळवार पेठेत गर्दी किती होते, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मिरजकर तिकटीजवळच्या एखाद्या गच्चीवरून खाली बघा. यातले आपल्या तालमीचे किती, समोरच्या तालमीचे किती आणि नुसतेच भाजी आणायला निघालेले किती? वरून सगळे एकाच घोळक्यातले वाटतात.

खगोलशास्त्रज्ञांची अडचण अगदी हीच आहे, भावा! आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. पण फोटोत पुढच्या, मागच्या आणि समूहातल्या दीर्घिका शेजारीशेजारीच दिसतात. मग आपल्या कोण, परक्या कोण?

उत्तर प्रकाशातच असतं. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो. ही रेडशिफ्ट, म्हणजेच ताम्रसृती. अरुंधतीकेश तारकासमूहातल्या प्रसिद्ध 'कोमा' समूहाची रेडशिफ्ट आहे सुमारे 0.023. तिला प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 3 लाख किलोमीटरने गुणा. वेग आला 6,900 किलोमीटर. त्याला 70 ने भागा, अंतर आलं साधारण 98 मेगापार्सेक. एक मेगापार्सेक म्हणजे 32.6 लाख प्रकाशवर्षं. म्हणजे कोमा आपल्यापासून सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षं दूर! दहावीच्या गणितात बसणारा हिशेब.

आता त्याच फोटोत एखादी दीर्घिका 0.06 रेडशिफ्टची निघाली, तर ती कोमाची नाहीच. अडीच पटीहून लांब आहे, फक्त मागे उभी राहून फोटोत आलीय. तिचं नाव यादीतून कट.

एवढी काटेकोर हजेरी कशाला? कारण या यादीवरूनच समूहाचं वजन निघतं. समूहातल्या दीर्घिका वेगवेगळ्या वेगाने पळत असतात. त्यांच्या वेगांतला फरक जितका जास्त, तितकं त्यांना धरून ठेवणारं वस्तुमान जास्त. तेही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात! चार परके यादीत घुसले तर वजन भलतंच फुगतं. 1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर हा समूह एकत्र राहूच शकत नव्हता. न दिसणाऱ्या पदार्थाची, म्हणजे डार्क मॅटरची शंका तिथे पक्की झाली.

पूर्वी हे काम डोळ्यांनी चाले. जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेच्या काचा निरखून 1958 मध्ये 2,712 समूहांची यादी छापली. आज 'स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे'ची लाखो दीर्घिकांची मोजमापं इंटरनेटवर फुकट आहेत. याच सर्व्हेच्या माहितीवरून पुण्याच्या 'आयुका' आणि 'आयसर'च्या संशोधकांसह एका भारतीय गटाने 2017 मध्ये 'सरस्वती' हा महासमूह जाहीर केला. मीन राशीच्या दिशेला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षांवर, त्यात किमान 43 समूह! आणि ज्या 'आयुका'चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, त्यांचा जन्म 1938 चा, आपल्या कोल्हापुरातलाच.

मग तुम्हीही करून बघा. सर्व्हेच्या वेबसाइटवर विषुवांश 195 अंश आणि क्रांती 28 अंश टाका. समोर कोमाचा मध्य येईल. भोवतालच्या दीर्घिकांची जागा, तेजस्विता, रंग आणि रेडशिफ्ट अशा चार रकान्यांत वही भरा. 0.013 ते 0.033 च्या बाहेरची रेडशिफ्ट असेल, तर ती परकी. उरलेल्यांमध्ये बहुतेक दीर्घिका लालसर दिसतील. तिथे नवे तारे जन्मणं जवळपास थांबलंय. हा रंगही ओळख पटवायला मदत करतो, पण मॅचमधल्या जर्सीसारखाच, त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

त्यासाठी ना महागडी दुर्बीण लागते, ना अमेरिकेचा व्हिसा. वही, मोबाइल किंवा लॅपटॉप आणि चिकाटी पुरे. कोल्हापूरचा पाऊस आठवडाभर आभाळ दिसू देत नसला, तरी ही हजेरी घेता येते. गच्चीवर नाही जमलं, तर जिन्यात बसा!